नदी कोरडी आहे

“बाई, धरनावर फोन लावला का?”

नीळकंठभाऊंनी मला हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि माझ्या हातात चहाचा ट्रे होता. बाहेर कडुनिंबाखाली पाच पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, दोन दिल्लीचे, तीन मुंबईचे. एप्रिलचं ऊन त्यांना सोसत नव्हतं, पण तसं दाखवणं बरं दिसत नाही म्हणून ते हसत होते. मीही हसत होते. सकाळपासून इतकी हसले होते की गाल दुखायला लागले होते.

“लावते न भाऊ. आधी यायले चहा तर देऊ द्या.”

“पाचले वीस मिनटं रायले.”

“मले घड्याळ समजते.”

असं मी त्यांना फटकन बोलले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. ते काचेच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे बेलघाटच्या सोसायटीच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या. एकीत यंत्र, दुसरीत आम्ही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते, तेही मीच दुकानादुकानांतून मागून आणलेले. पाण्याच्या टाकीवर एरियलचा खांब. ताकद पन्नास वॉट. “घरातला एक दिवा जेवढी वीज खाते तेवढ्यात आपन बारा गावासंग बोलतो,” असं नीळकंठभाऊ कौतुकानं सांगायचे. बाराव्या गावापुढे सागाचा डोंगर होता. तिथे आमचा आवाज संपायचा आणि आमचं जगही.

नीळकंठभाऊ म्हणजे नीळकंठ कापगते. तीस वर्षं त्यांनी बाजारातल्या टपरीत लोकांचे रेडिओ दुरुस्त केले होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. स्टेशन एका संस्थेनं काढलं, तेव्हा तिच्या लोकांनी शहरातून यंत्रावर बसायला माणूस आणला होता, तो आठ दिवसांत डासांना कंटाळून पळाला. मग भाऊ आले, यंत्राची पाठ उघडून पाहिली आणि म्हणाले, “हे तर आपलंच लेकरू आहे.” तेव्हापासून टपरी सांभाळून ते तिथेच असायचे.

आणि मी? मी रेवता दिघोरे. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बारावी नापास, नवऱ्यानं टाकलेली. अंगणवाडीत खिचडी शिजवायचे. गावात माझा उल्लेख ‘ते टाकलेली रेवता’ असा व्हायचा, अगदी माझ्यादेखत, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. संस्थेनं गावातल्या सगळ्या बायकांना एकेक करून माइकपुढे बसवलं आणि माझा आवाज निवडला. सहा महिन्यांत मी ‘रेडिओवाली रेवता’ झाले. बाजारात भाजीवाली माझा आवाज ओळखून मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. ज्याला हे फुकट मिळालं त्याला याची किंमत कळणार नाही. मला ती चांगलीच कळत होती, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

‘नदीची खबर’ हा आमचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम. रोज पाच वाजता, एक मिनिट. तो काढला बयनामावशीनं. ही माझ्या आईची बहीण. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. आम्ही ढिवर लोक. पावसाळ्यात मासे धरतो आणि उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे करून डांगर म्हणजे खरबूज, टरबूज, काकडी यांचे वेल लावतो. त्याला म्हणायचं डांगरवाडी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत माणसं तिथेच खोपडी बांधून राहतात. वरच्या धरणातून कधी खालच्या शहराला प्यायला पाणी सोडलं की ते रात्री-बेरात्री, दिवसाढवळ्या केव्हाही यायचं आणि वाडीच्या वाडी घेऊन जायचं. सोडणाऱ्यांचा कागद ग्रामपंचायतीत यायचा, पाणी येऊन गेल्यावर चार दिवसांनी.

रेडिओ सुरू झाला तेव्हा मावशी स्टेशनात आली, अंड्यांच्या ट्रेकडे पाहून खूप हसली आणि म्हणाली, “तुमी ह्या डब्ब्यातून हात धुवा म्हनता, पोरी शिकवा म्हनता. सांगा बाप्पा, चांगलं आहे. पन पानी कवा सुटते ते सांगा न. तेवढं सांगतलं तर मी तुमचं बाकी सबन ऐकीन.”

मग मी धरणाच्या गेटवरच्या माणसाचा नंबर मिळवला. रोज साडेचारला फोन करायचा, तो सांगेल ते पाचला बोलायचं. पहिल्या दिवशी मी शाळेतल्यासारखं बोलले. मावशीनं दुसऱ्या दिवशी येऊन कान उपटले.

“‘पाणी सोडण्यात येणार नाही’ काय म्हनते? सरकार मेलं का घरात? सरळ म्हन, नदी कोरडी आहे, खुशाल रहा.”

तेव्हापासून मी तसंच म्हणायचे. नदी कोरडी आहे, खुशाल रहा. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा पाणी सुटलं, दोन्ही वेळा मी सांगितलं, माणसं पिकलेली फळं आणि खोपडीचे बांबू घेऊन काठावर आली. एक माणूस दगावला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तर पात्रातल्या प्रत्येक खोपडीत रेडिओ टांगलेला होता.

पाहुणे आले ते या दुसऱ्या उन्हाळ्यात. आमचा परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही आणि आम्हाला कसलंसं मोठं पारितोषिक द्यायचं की नाही, हे त्यांच्या हाती होतं. संस्थेच्या ताईंनी मला आठ दिवस आधीपासून बजावलं होतं, “रेवता, सगळं तुझ्यावर आहे.” माझ्यावर कोणी काही सोपवलं की मी वेड्यासारखी फुलायचे.

त्या दिवशी सकाळी मावशी डोक्यावर टोपली घेऊन स्टेशनात आली. टोपलीत दोन डांगर, पिवळीधमक. वासानं खोली भरली.

“पाहुन्याईले दे. अन सांग, बयनाच्या वाडीचं आहे म्हना.”

“तू थांब न मावशी. त्याईले भेट.”

“मी काय भेटू? वेलाले पानी कोन देते, तुया बाप?” ती दारातून वळून म्हणाली, “संध्याकाळी खबर जरा जोरानं बोल. कुंपन घालता घालता मले आयकू येत नाई.”

तिनं मला सांगितलेली ती शेवटची गोष्ट.

चहा देऊन झाला. पावणेपाचला दिल्लीच्या बाईंना टाकीवरचा खांब पाहायचा होता. मी त्यांना जिन्यानं वर घेऊन गेले. तिथून नदी दिसते, वाळूतले हिरवे पट्टे दिसतात. बाई म्हणाल्या, हे फार सुंदर आहे, इथे तुझा फोटो काढू. मी पदर नीट केला. एक फोटो झाला, दुसरा झाला, मग सगळ्यांना माझ्यासोबत फोटो हवा होता. खाली आले तेव्हा पाचला चार मिनिटं होती आणि नीळकंठभाऊ दारात उभे होते.

“बाई, फोन.”

धरणावरचा फोन चटकन लागायचा नाही. कधी दहा मिनिटं जायची, कधी तो माणूस गेटवरून खाली यायचा म्हणून थांबावं लागायचं. पाहुणे खुर्च्यांवर बसून वाट पाहत होते, समोर छोटा रेडिओ ठेवला होता. खबर ऐकायलाच तर ते आले होते.

“भाऊ, कालचीच लावा.”

भाऊंना वाटलं मी थट्टा करते आहे. “कालची?”

“कालची, परवाची, कोनतीही लावा. चाळीस दिवस झाले, एकच तर बोलून रायली मी. नदी काय आजच येऊन रायली का?”

“रेवता, उशीर झाला तर होऊ दे. गानं लावतो मी एक. तू फोन लाव.”

“पाच म्हनजे पाच. त्याईच्यापुढं माह्यी फजिती करता काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेले. आमच्याकडे सगळे कार्यक्रम साठवून ठेवायची पद्धत होती. सकाळचा संध्याकाळी, कालचा आज पुन्हा लावायचा. दोन माणसांचं स्टेशन दुसरं कसं चालणार? पण खबर आम्ही कधी पुन्हा लावली नव्हती. काचेतून मला त्यांचा हात दिसला. बटनावर तो क्षणभर थांबला होता.

छोट्या रेडिओतून माझा आवाज आला. काल घसा छान होता माझा. “ऐका मंडळी नदीची खबर. नदी कोरडी आहे, खुशाल रहा.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, या आवाजात केवढा विश्वास आहे. मी लाजले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फार सुख झालं. तेवढं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

मग मी मावशीचं डांगर चिरलं.

साडेपाच-पावणेसहाला पाहुणे दुसरी फोड खात होते तेव्हा नदीकडून ओरडा आला. आधी वाटलं, कोणाचा बैल सुटला. मग घाटावरून माणसं धावताना दिसली. भाऊ लंगडत लंगडत बाहेर आले, त्यांच्या गुडघ्यात दोष होता, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी अनवाणीच पळाले.

पाणी फार नव्हतं. पुराच्या पाण्यासारखं तर मुळीच नाही. कमरेएवढं, गढूळ, वरती पालापाचोळा आणि टरबुजं तरंगताहेत. ऊन तसंच पडलेलं. घाटावर सगळे आले होते, भिजलेले, धापा टाकणारे, एकमेकांची नावं घेऊन मोजणारे. दसरूमावसा, बयनामावशीचा नवरा, चिखलात बसला होता. मावशी नव्हती.

ती अर्ध्या तासानं सापडली, वाडीपासून दोन शेतं खाली. तिनंच घातलेल्या काट्यांच्या कुंपणात लुगडं अडकलं होतं आणि कुंपणासकट ती वाहून आली होती. नदीत जन्म गेलेली बाई कमरेएवढ्या पाण्यात मेली हे कोणालाच पटत नव्हतं. बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मी मावशीच्या केसांतली वाळू काढत बसले. ती संपतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस जमादार आला. स्टेशनात आमच्या दोघांसमोर बसला. धरणवाले म्हणाले होते, तीन वाजता गेट उघडलं, रोज फोन येतो, काल आला नाही.

“फोन कोन करते?” जमादारानं विचारलं.

मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते ते मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

“रोज बाई करते,” नीळकंठभाऊ म्हणाले. “काल बाई पाहुन्याईसंग होती. फोनाचं काम तिनं माह्यावर सोपवलं होतं. मी भुललो. जुनीच लावली.”

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. “असं आहे का बाई?”

भिंतीवरच्या अंड्यांच्या ट्रेकडे बघत मी मान हलवली. हो अशी.

जमादार गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, “काहून केलं तुमी असं?”

ते यंत्रावरची धूळ फडक्यानं पुसत होते. “बटन मीच दाबलं न? मले कळत होतं, तरी दाबलं. मंग ते खोटं कसं झालं?”

“पन भाऊ…”

“हे पाह्य, माह्यं काय रायलं आता? तुले अजून बोलाचं आहे. लोकं तुया आवाज ऐकते. तो आवाज मेला तर हे सबन मेलं.” मग म्हणाले, “दसरूले मात्र तू सांग. आज ना उद्या. त्याले दुसऱ्याकून कळू नाई.”

मी हो म्हटलं. मला वाटतं, तेव्हा मला खरंच सांगायचं होतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मावसानं मला खोपटाच्या मागे बोलावलं. खांद्यावरच्या पंच्यानं तो सारखं तोंड पुसत होता. म्हणाला, “पोरी, एक गोठ कोनाले सांगतली नाई. तुले सांगतो.”

मी ऐकत राहिले.

“काठावरून लोकं बोंबलले, पानी आलं, पानी आलं. मी म्हनलो, बयना, चाल. तर म्हने, तुमी जा पाहून या, लोकं उगीच बोंबलते. आत्ताच रेवता सांगून गेली न, नदी कोरडी आहे. रेवता का खोटं बोलनार आहे?” तो पुन्हा तोंड पुसू लागला. “मी पाहाले चढलो. ते कुंपनच घालत रायली. वळून पाह्यलं तं…”

सगळा गाव ओरडत होता. सगळ्या गावापुढे तिनं माझा आवाज खरा धरला. मी भिंतीला टेकले.

“आवाज तर तुयाच होता,” मावसा म्हणाला. “मंग ते जुनी लावली कोनं? लोकं काईच्या काई सांगते. तू सांग.”

हीच ती वेळ. आजूबाजूला कोणी नव्हतं. अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मावसा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला दिसलं, की तो आता तिच्याइतकाच माझ्यावर विसंबला आहे. मी म्हणेन ते तो खरं धरणार.

“नीळकंठभाऊनं,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. एवढंच.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. आमच्या वस्तीनं, ढिवरटोल्यानं, नीळकंठभाऊंना वाळीत टाकलं. कोणी तसं ठरवलं नाही, पण त्यांच्या टपरीवर रेडिओ घेऊन जाणं लोकांनी बंद केलं, मासे देणं बंद केलं, रस्त्यात दिसले की बाया तोंड फिरवायच्या. भाऊंनी मला कधी विचारलं नाही, दसरूला सांगितलं का म्हणून. मी टपरीवरून गेले की ते विचारायचे, “बरी आहेस न बाई?” आणि मी हो म्हणून पुढे जायचे.

पारितोषिक आलं. पोस्टानं आलं, काचेच्या चौकटीत, माझं नाव घालून. तोपर्यंत आमचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी रोज साडेचारला फोन करायचे, खरी खबर सांगायचे, आणि पात्रातल्या एकाही खोपडीत रेडिओ नव्हता. ज्या आवाजासाठी भाऊंनी खोटं अंगावर घेतलं आणि ज्यासाठी मी ते घेऊ दिलं, तो आवाज त्या कमरेएवढ्या पाण्यातच गेला होता. मला एकटीलाच ते उशिरा कळलं. पावसाळ्यात संस्थेनं स्टेशन बंद केलं. गोदामात आता खताची पोती असतात.

भाऊ तीन वर्षांनी वारले. ढिवरटोल्यातून मातीला फक्त मी गेले, आणि तीही मागे, बाभळीपाशी उभी राहिले.

मागच्या महिन्यात मी मावसाकडे गेले. अकरा वर्षं झाली. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, ओट्यावर बसून असतो. शेजारची सून जेवायला घालते. तिनं दारातच मला सांगितलं, “जोरानं बोला लागते बाई. बुढ्याले काहीच आयकू येत नाई आता. ढोल वाजवला तरी हालत नाई.”

मी त्याच्याजवळ बसले. त्यानं माझा हात धरला, चेहरा ओळखून हसला. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. पाहुणे, फोटो, साडेचारचा फोन, “कालचीच लावा” हे मी म्हटलं, भाऊ नको म्हणत होते, जमादार, तेरवी. एकही गोष्ट सोडली नाही. अगदी सावकाश, स्पष्ट, जशी माइकपुढे बोलायचे तशी बोलले, आणि तेवढ्याच हळू आवाजात.

तो माझ्या ओठांकडे कौतुकानं बघत होता. मी थांबल्यावर त्यानं माझ्या हातावर थोपटलं.

“तुया आवाज लय साजरा होता पोरी,” तो म्हणाला. “बयनाले लय आवडे.”

शेजारच्या सुनेनं आतून विचारलं, “आयकू आलं का बाई त्याईले? जोरानं बोला न!”

मी म्हटलं, “हो, आलं.” आणि चहा न घेताच उठले.